तांबडीला लागलेले हात

मी काही लिहिणारा माणूस नव्हे. डिचोलीच्या एका शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं मसुदे केले. त्यांच्याखाली सही नेहमी दुसऱ्याची असायची आणि मला ते सोयीचं होतं. शेवंतीबद्दल लिहावं असं मनात आल्यावर तीन दिवस कोरा कागद समोर ठेवून नुसता बसलो होतो. जमेल की नाही, अजूनही ठाऊक नाही. पण या हकिकतीत माझ्या हातची एक चूक आहे, आणि ती माझ्यावाचून कोण सांगणार?

शेवंती सगुण परब मूळची आमोण्याची. आता वय सत्तर. नदीकाठी वाढल्यामुळे असेल, शेजारी बसलेल्या माणसाशीही ती पलीकडच्या काठावर हाक मारल्यासारखी बोलते. माझं घर कृष्णनाथ भाटकारांच्या घराला लागून. त्यांचं गॅरेज आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच चिऱ्यांची भिंत आहे, तीही शेवंतीच्या आवाजाला पुरत नाही.

त्या गॅरेजमध्ये तांबडी असायची.

तांबडी म्हणजे अल्फा रोमिओ. इटलीत बनलेली, दोनच माणसांची, वर कापडी छप्पर, रंग पिकलेल्या कोकमासारखा. १९६० साली, पोर्तुगीज अमदानीत, ती बोटीतून मुरगाव बंदरात उतरली. खाणीचा पैसा तेव्हा नवा होता आणि भाटकारही तरुण होते. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा ७५ साली त्यांनी सगुणला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. गाडीला मागची सीटच नाही. त्यामुळे मालक आणि ड्रायव्हर शेजारी शेजारी बसून बाजारातून जायचे. डिचोलीत त्या काळी दुसऱ्या कुठल्याही गाडीत असं होत नसे. सगुणची बायको मात्र त्या शेजारच्या सीटवर कधी बसली नाही. तिला कुणी बसवलंच नाही.

९५ साली सगुण अचानक गेला. बाराव्या दिवसानंतर भाटकार म्हणाले, "आता तांबडी विकून टाकूया. बघणारा कोण आहे?"

शेवंती दारात उभी होती. म्हणाली, "विकू नकात. मी बघतंय."

भाटकार हसले असावेत. पण विकली नाही. पुढे तेही गेले, मुलगाही गेला, नातू गौरेश पणजीला राहू लागला. घर बंद पडलं. शेवंती रोज सकाळी यायची, अंगण झाडायची, देवापुढे दिवा लावायची, आणि मग गॅरेजचं दार उघडायची.

आमच्याकडच्या पावसात लोखंडाचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. चार महिन्यांत विळ्याचा गंज खरवडावा लागतो, चपलांना बुरशी धरते. या हवेत तांबडीला अठ्ठावीस पावसाळे काढायचे होते. शेवंतीने त्यासाठी जे केलं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाच्या आधी ती गाडी फणसाच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून घ्यायची, म्हणजे चाकं जमिनीला टेकून बसत नाहीत. चारी कोपऱ्यांत गाडीखाली चार मडकी ठेवायची, आणि त्यांत शिंपल्यांचा कळीचा चुना, न विरवलेला, खड्यांचा. हा चुना हवेतली ओल पितो. पिऊन पिऊन फुटतो, त्याची भुकटी होते. भुकटी झाली की ती माडांच्या बुंध्यांना फासायची आणि मडक्यांत नवे खडे भरायचे.

आमच्या बाजूला आता शिंपल्यांची भट्टी उरली नाही. पेडण्याकडे खाडीकाठी एकजण अजून शिंपले भाजतो. शेवंतीची भाची सुविधा हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देते. तिच्याकडे जायच्या निमित्ताने शेवंती पंधरा दिवसांनी बसने पेडण्याला जायची आणि दुधाच्या पावडरच्या घट्ट झाकणाच्या डब्यातून चुना आणायची. एकदा मीही त्या बसमध्ये होतो. कंडक्टर म्हणाला, "मावशे, डबो इतको घट्ट धरलंस तो? सोरो आसा काय त्यात?"

"सोरो नाय, चुनो. हात भिजव आणि आत घाल, मगे कळात."

सगळी बस हसली. दारूची थट्टा करणाऱ्या कंडक्टरने हात मागे घेतला.

सीटच्या कातड्याला ती भिरंडेल लावायची. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. आपण थंडीत फुटलेल्या टाचांना लावतो ते. ते पातळ नसतं, मेणासारखा गोळा असतो. तळहातात धरून घासलं की हाताच्या उबेने मऊ होतं. शेवंती गॅरेजमधल्या स्टुलावर बसून तो गोळा घासत राहायची आणि बोटांनी कातड्याच्या शिवणीशिवणीत तेल भरायची. सगुणने तिला इंजिन सुरू करायला शिकवलं होतं. दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज आला की माझी बायको चहाचं आधण ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, गौरेश आला. बरोबर सतीश नावाचा एक माणूस. मूळचा कोल्हापूरकडचा, जुन्या गाड्यांची दलाली करणारा. हातांत पांढरे मोजे. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून तो म्हणाला, "साहेब, असली गाडी शोधून मिळायची नाही. पण नुसती गाडी विकली जात नाही हो. तिचा इतिहास विकला जातो."

इतिहास लिहायला मला बोलावलं. गौरेश म्हणाला, "काका, तुमचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. वजन येईल." मला बरं वाटलं. कुणी बोलावलं की मला बरं वाटतं, हा माझा जुना दोष.

सतीश सांगत गेला, मी लिहीत गेलो. एकाच घराण्याची गाडी, सतत नियंत्रित हवेत ठेवलेली, मूळ कातडं, मूळ रंग. शेवटी तो म्हणाला, "आणि लिहा, आजवर कुणाचाही हात न लागलेली." मी क्षणभर थांबलो. भिंतीपलीकडचे अठ्ठावीस वर्षांतले सगळे रविवार मला आठवले. आणि मग मी ते वाक्य लिहिलं. व्याकरण अचूक होतं.

संध्याकाळी शेवंती माझ्या ओट्यावर आली. "भाऊ, काय लिवलात ता माका वाचून दाखवा."

मी मराठी करून वाचलं. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "माझा नाव खंय आसा ह्यात?"

"नाव नाही घातलेलं."

"मगे अठ्ठावीस वर्सां गाडी कोणी सांभाळल्यान? देवचारान?"

देवचार म्हणजे आमच्या गावांचा अदृश्य राखणदार. तो राखतो, पण दिसत नाही. त्याला वर्षातून एकदा रोट दिला की काम भागतं.

"सांगून बघतो गौरेशला," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. दोन दिवस सांगायचं ठरवत होतो, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिनेच गाठलं त्याला. मी भिंतीअलीकडे, माझ्या ओट्यावर होतो; तिथून त्यांचं अंगण दिसतं. "बाब, त्या कागदात एक ओळ घाल. गाडी शेवंतीन सांभाळली म्हणून."

गौरेश वाईट मुलगा नव्हे. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, घेणारे मोठे लोक असतात. चुना आणि कोकमाचं तेल ऐकलं तर म्हणतील, ही गाडी की लोणच्याची बरणी? तुला मी विसरणार नाही. चांगली साडी घेईन, वर पाकीट देईन."

"साडी माका आसा," शेवंती म्हणाली. "ओळ नाय."

"एका ओळीने काय होणार आहे?"

"काय होवचा नाय तर घाल मगे."

गौरेशने मोबाइलवर जाहिरातीतला फोटो तिला दाखवला. त्याला वाटलं असेल, खूश होईल. तो फोटो मीही नंतर बघितला. ६० सालची गाडी, ८० सालचा फोटो, भाटकार ऐटीत बसलेले. स्टिअरिंगच्या बाजूने फोटो कापला होता. कापलेल्या कडेला एक कोपर उरला होता, खाकी बाहीतला.

शेवंतीने फोटो बराच वेळ बघितला. "हो सगुणाचो कोपर," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

दुसऱ्या दिवशी सतीशने गॅरेज धुवायला काढलं. नवे फोटो घ्यायचे होते. नळाला पाइप लावून तो आत शिरला, तेवढ्यात शेवंती धावत आली. "अरे, पाणी मारू नको. मडक्यांत चुनो आसा!"

"ओ मावशी, तुम्ही चहाचं बघा की," सतीश म्हणाला आणि नळ सोडला.

आदल्याच दिवशी तिने ताजे खडे भरले होते. आधी सर्रकन आवाज झाला, मग चुना रटरट उकळू लागला. एक मडकं फाटकन फुटलं. गाडीखालून पांढऱ्या वाफेचे लोट निघाले. सतीश पाइप टाकून अंगणात पळाला. "आयला, पेटली! गाडी पेटली की ओ!"

मी घाबरून बाहेर आलो. शेवंती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "पेटूक नाय काय. चुन्याक तहान लागलेली, तुया पाजलंस. ये, आता पाण्यान मोजे धू."

सगळे हसलो, गौरेशसुद्धा. पण हसण्याचा शेवट चांगला झाला नाही. सतीश चिडला. उरलेली तीन मडकी त्याने माडाखाली फेकली, आणि पणजीहून ओल शोषणारं विजेचं यंत्र भाड्याने आणून ठेवलं. भिरंडेलाचा डबाही उचलला. शेवंतीला सांगितलं, घेणारा येऊन जाईपर्यंत गॅरेजमध्ये यायचं नाही.

ती आली नाही. अंगण झाडायची, दिवा लावायची, आणि गॅरेजच्या बंद दाराकडे पाठ करून निघून जायची. तो रविवार आवाजाशिवाय गेला. माझ्या बायकोने चहा उशिरा दिला आणि म्हणाली, "तुम्ही ते काय लिहून दिलंत हो?" मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

पाऊस झोडपत होता. वीज दिवसातून पाच वेळा जायची, आणि यंत्र विजेवर चालणारं. त्याच्याखालच्या तबकात आठ दिवसांत जेमतेम पेलाभर पाणी जमलं. नवव्या दिवशी गौरेशने दार उघडलं तर सीटवर पांढरी लव उगवलेली. कापडी छपरावर हिरवट ठिपके. आत कुबट वास. पुण्याचे एक डॉक्टर तीन दिवसांनी गाडी बघायला येणार होते.

सतीशने फोनवर इकडेतिकडे विचारलं. एकाने व्हिनेगर सांगितलं, दुसऱ्याने ते मुळीच लावू नका म्हणून सांगितलं. शेवटी गौरेश शेवंतीला बोलवायला गेला, आणि जाताना मला बरोबर घेतलं. सतीशही मागून आला.

शेवंती पडवीत नारळ सोलत होती. उठली नाही.

"मावशी," गौरेश म्हणाला, "सीटवर बुरशी आलीय. काय करायचं?"

"मी काय सांगू? माका काय म्हायत?"

"असं काय करतेस? तूच तर सगळं बघत होतीस."

शेवंतीने कोयता खाली ठेवला. "मी? त्या कागदात काय लिवलासा? कोणाचो हात लागूक नाय. भाऊंनीच वाचून दाखवल्यानी माका." तिने दोन्ही तळहात गौरेशपुढे धरले. चुन्याने भाजून त्यांच्यावर बारीक चिरा पडल्या होत्या, आणि भिरंडेलामुळे त्या चिरा चकाकत होत्या. "मगे न लागलेल्या हाताक कित्याक इचारतंस?"



सतीश पुढे झाला. "मावशी, तीन दिवसांवर आलंय. आधी काम करा, ओळीचं मग बघू."

"भाटकार गेले, त्येंचो झील गेलो. सगळे 'मगे बघूया' म्हणानच गेले. आधी ओळ."

"आणि नाही घातली तर?"

"तर गाडी तुमची आसा. घेवन जावा. बुरशेसकट."

गौरेश कपाळ चोळत होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, लिहा."

कागद माझ्या पिशवीत होता. मी पडवीतल्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कठड्यावर तो टेकवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझं लिहिलेलं मी स्वतःहून खोडलं. 'कुणाचाही हात न लागलेली' यावर आडवी रेघ मारली. मी ती रेघ दोनदा मारली, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

"काय लिहू?" मी शेवंतीला विचारलं.

"खरा ता लिवा."

मी लिहिलं, 'ही गाडी १९९५पासून आजपर्यंत अठ्ठावीस वर्षे शेवंती सगुण परब यांनी डिचोलीच्या या घरात आपल्या हातांनी सांभाळली.' वाचून दाखवलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्येंचाव घाला. फोटोत कोपर आसा, कागदात तरी आख्खो माणूस येऊ दे."

मी आणखी लिहिलं, 'त्याआधी वीस वर्षे त्यांचे पती सगुण परब ही गाडी चालवीत व राखीत.' गौरेशने खाली सही केली. सतीश पुटपुटला, "इंग्रजीत घालाल का निदान?" मी म्हणालो, "दोन्हींत घालतो." माझा आवाज मला जरा मोठा वाटला.

शेवंती उठली. माडाखालची मडकी घेतली, एक फुटलं होतं म्हणून स्वतःच्या चुलीपाशीचं दिलं. डब्यात चुना शिल्लक होता. भिरंडेलाचा डबा सतीशने निमूट आणून दिला. तीन दिवस ती गॅरेजमधून जेवायलासुद्धा निघाली नाही. सुक्या फडक्याने लव पुसायची, मग गोळा हातात घासायचा, मग बोटं शिवणींतून फिरवायची. छपराला ब्रश. सतीश दारात उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने मोजे काढले आणि विचारलं, "मी घासू का थोडं?"

"घास. पण नाव घालूचा नाय हां तुझा."

पुण्याचे डॉक्टर आले ते भल्या सकाळी. साठीचे, कमी बोलणारे. आधी त्यांनी कागद मागितला. वाचता वाचता खोडलेल्या जागेवर थांबले, मग त्याखालच्या ओळींवर.

"शेवंती परब कोण?"

"घरकामाला असतात..." सतीशने सुरुवात केली.

"मी," शेवंती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कशानं सांभाळलीत?"

तिने सगळं सांगितलं. मडकी दाखवली. गौरेश जमिनीकडे बघत होता. डॉक्टरांनी सीटचा वास घेतला. म्हणाले, "या चुन्याने गाडीचा रंग नाही ना खाल्ला?"

"खाल्लो असतो तर तुमी पुण्यासून कित्याक इलात?"

ते हसले नाहीत, पण बॅटरी घेऊन सरळ गाडीखाली शिरले. बराच वेळ ठोकून बघत होते. बाहेर आले तेव्हा पाठीला चुना लागला होता. "कुठेच गंज नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," सतीश म्हणाला.

"आसा," शेवंती म्हणाली.

सतीशने डोळे मिटले.

"डाव्या दाराखाली. पाच वर्सांमागे कौल फुटलेला, रातभर पाणी गळला. माका सकाळी कळला. इतकोच डाग," तिने अंगठ्याचं नख दाखवलं, मग सतीशकडे बोट केलं, "ह्येणी वरसून रंग लावलो. बोट लावन बघा, फुगलेलो आसा."

"मावशी!" गौरेश म्हणाला.

"बाब, नाव माझा घातलंस मा? मगे बरा ता माझा, आणि वायट ताव माझा."

डॉक्टरांनी वाकून बोट लावलं. फुगवटा होता. ते उभे राहिले, हात पुसले, आणि पुन्हा कागद हातात घेतला. मला वाटलं, संपलं. त्यांनी खिशातून पेन काढून शेवंतीपुढे धरलं. "तुमच्या नावापुढे सही करा. आणि फोन नंबर लिहा."

शेवंती चौथीपर्यंत शिकलेली. तिने पेन मुठीत धरून सावकाश, वेलांटी पुन्हा गिरवून, नाव लिहिलं. मी एकतीस वर्षं सह्या बघितल्या. एवढा वेळ घेऊन केलेली सही बघितली नव्हती.

चार दिवसांनी डॉक्टरांनी पाठवलेला ट्रक आला. गाडी फळ्यांवरून चढवायच्या आधी ती गेटपर्यंत चालवत न्यायची होती. सतीश किल्ली घेऊन बसला. शेवंतीने पलीकडचं दार उघडलं आणि कुणालाही न विचारता शेजारच्या सीटवर जाऊन बसली. पदर नीट केला. गॅरेजपासून गेटपर्यंत मोजून चाळीस पावलं असतील. तेवढं अंतर ती सरळ समोर बघत गेली. उतरली, दार लावलं, आणि सतीशला म्हणाली, "क्लच इतको दाबून धरू नको."

ती रडेल असं वाटून माझी बायको पाणी घेऊन उभी होती. ते पाणी मी प्यालो.

साडी आणि पाकीट गौरेशने नंतर आणून दिलं. शेवंतीने दोन्ही घेतलं. "ह्यां माझ्या अंगण झाडण्याचा," म्हणाली.

गेल्या पावसात एका दुपारी ती माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. फोन वाजला. तिला फोन कानाला लावायची सवय नाही, ती तो मांडीवर ठेवून मोठ्या आवाजात लावते. पुण्याचे डॉक्टर बोलत होते.

"शेवंतीबाई, डाव्या सीटवर जरा पांढरं दिसतंय. काय करू?"

"कागद आसा तुमच्याकडे?"

"कुठला कागद?"

"गाडयेचो. घेवन या."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. "आणला."

"माझी ओळ वाचा."

"आत्ता?"

"वाचा."

डॉक्टर वाचू लागले. शेवंतीने सूप बाजूला ठेवलं. ती शेवटपर्यंत, सगुणच्या नावापर्यंत ऐकत राहिली. मग सूप परत मांडीवर घेतलं.

"हां. आता सांगा, चुनो कधी बदललात?"